दहशतवाद्यांच्या तावडीतल्या ओलिसांसाठी सरकारने खंडणी द्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलणं निघालं की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक जण म्हणतो, "माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही हिशेब कसला करताय?" दुसरा म्हणतो, "आज दिलेत तर उद्या पुन्हा दारात उभे राहतील." दोघांचंही खरं आहे, म्हणून तर हा प्रश्न सुटत नाही. या चर्चेत हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना माझं मत मी लपवलेलं नाही.

आधी थोडक्यात सांगा. द्यावी की देऊ नये?

सरकारने पैसे देऊ नयेत, असं माझं मत आहे. मात्र या 'नाही'सोबत दोन जबाबदाऱ्या येतात. पैसे नाकारले तरी बोलणं चालू ठेवायचं, ही पहिली. आणि जे सरकार नाही म्हणतं, ते त्या घराचं देणं लागतं, ही दुसरी. घरच्यांना वाऱ्यावर सोडायचं आणि वर त्यांनाच कायद्याचा धाक दाखवायचा, हे चालणार नाही.

आपल्याकडे म्हण आहे: म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. खंडणीला विरोध करणाऱ्यांचं सगळं म्हणणं या म्हणीत येतं. तिचा उत्तरार्ध इथे तंतोतंत लागू पडतो. पूर्वार्ध मात्र पडत नाही. इथे म्हातारी मेल्याचं दुःख आहेच, आणि ज्या धोरणाला ते दुःख दिसत नाही ते धोरण आतून पोकळ असतं.

खंडणी म्हणजे फक्त रोख पैसे का?

नाही. पैसे, तुरुंगातल्या साथीदारांची सुटका, शस्त्रं, सैन्य मागे घेणं, असं काहीही मागितलं जातं. ओलीस ठेवण्याविरुद्धच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याच मुळी अशी आहे: माणसाला धरून ठेवायचं आणि त्याच्या जिवाच्या बदल्यात तिसऱ्याला काही करायला किंवा न करायला भाग पाडायचं. पैशांचं वेगळेपण एवढंच की ते मोजता येतात आणि लगेच पुढच्या कामाला लावता येतात.

पैसे दिले तर नेमकं बिघडतं काय? एक जीव तर वाचतो!

वाचतो, हे आधी मान्य करू. पैसे दिलेले बहुतेक ओलीस खरोखर घरी आले आहेत. दहशतवादी शब्द पाळतात, कारण पाळला नाही तर पुढच्या वेळी कोणी पैसे देणार नाही. आणि इथेच मेख आहे. 'पुढची वेळ' त्यांच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून असते.

२००३ मध्ये अल्जीरियाच्या सहारा वाळवंटातून ३२ युरोपीय पर्यटक पळवले गेले. काही जणांना लष्कराने सोडवलं, उन्हाने एक बाई दगावली, आणि उरलेले १४ जण ऑगस्टमध्ये मालीतून सुटले. त्यासाठी जर्मनीने सुमारे ५० लाख युरो मोजल्याचं आणि कागदोपत्री ती मालीला दिलेली मदत दाखवल्याचं पुढे पत्रकारांनी उघडकीला आणलं. पळवणारी टोळी तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नव्हती. २००७ मध्ये तिने नाव बदललं आणि ती अल-कायदाची माघरेब, म्हणजे वायव्य आफ्रिकेतली, शाखा झाली. त्यानंतरची काही वर्षं साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या, पट्ट्यात परदेशी माणूस म्हणजे चालता-बोलता धनादेश होता.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१४ मध्ये केलेल्या शोधानुसार २००८ पासून अल-कायदा आणि तिच्या शाखांना खंडणीतून किमान १२.५ कोटी डॉलर मिळाले होते, त्यातले ६.६ कोटी एकट्या २०१३ मध्ये. संबंधित सरकारांनी हे नाकारलं.

पण मला या आकड्यांपेक्षा एक पत्र जास्त बोलकं वाटतं. २०१३ मध्ये टिंबक्टूहून अतिरेकी पळून गेल्यावर त्यांनी सोडलेल्या इमारतीत कागदांचा ढीग सापडला. त्यात माघरेब शाखेच्या वरिष्ठांनी मोख्तार बेलमोख्तार या कमांडरला लिहिलेलं तक्रारीचं पत्र होतं. त्याने पूर्वी पकडलेल्या कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्याच्या बदल्यात फक्त ७ लाख युरो मिळवले, वरिष्ठांना विचारून नीट सौदा केला असता तर कितीतरी जास्त आले असते, असा त्या पत्राचा रोख आहे. एखाद्या पेढीच्या मुख्य कचेरीने शाखेच्या व्यवस्थापकाला कमी वसुलीबद्दल खडसवावं, तसा सूर. अल-कायदाच्या येमेन शाखेचा प्रमुख नासेर अल-वुहायशी यानेही आपल्या साथीदारांना कळवलं होतं की ओलीस हा फायद्याचा धंदा आहे, आणि मिळालेल्या लुटीपैकी जवळजवळ निम्मी ओलिसांमधूनच आली. हे विरोधकांचे आरोप नव्हेत. हे त्यांच्या स्वतःच्या हातचं लिखाण आहे.

म्हणजे जे देश पैसे देत नाहीत, त्यांची माणसं पळवली जात नाहीत?

असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ब्रिटन आणि अमेरिका पैसे देत नाहीत हे जगजाहीर आहे, तरी दोन्ही देशांची माणसं पळवली गेली. अपहरण बहुतेक वेळा संधी साधून होतं. रस्त्यावर गाडी अडवताना आतल्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे बघायला वेळ नसतो. किंमत नंतर ठरते.

२०१७ मध्ये 'न्यू अमेरिका' या संस्थेने २००१ नंतरच्या पाश्चात्त्य ओलिसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिहादी गटांच्या हातात सापडलेल्यांपैकी युरोपीय महासंघातल्या देशांचे ८१ टक्के ओलीस सुटले, अमेरिकेचे फक्त २५ टक्के. शिवाय 'नाही' म्हणण्यामुळे अमेरिकी माणसं कमी पळवली गेली, असा पुरावा या अभ्यासाला सापडला नाही. उलट बाजूने, सवलती देणाऱ्या देशांच्या नागरिकांची अपहरणं वाढतात असं दाखवणारेही अभ्यास आहेत. आकड्यांनी हा वाद मिटलेला नाही.

२००९ च्या जानेवारीत माली-नायजर सीमेजवळ चार युरोपीय पर्यटक एकत्र पकडले गेले: स्वित्झर्लंडचं एक जोडपं, एक जर्मन बाई आणि एक ब्रिटिश गृहस्थ. तिघं टप्प्याटप्प्याने सुटून घरी आली. ब्रिटिश माणसाला मे महिन्याच्या अखेरीस मारलं. चौघं एकाच कार्यक्रमाहून परतत होती. फरक पासपोर्टच्या रंगाचा.

निम्म्या जगाने नाकारायचं आणि निम्म्याने द्यायचं, यातून हे असं होतं. धंदा चालूच राहतो, कारण गिऱ्हाईक आहे, आणि नकाराची किंमत मोजतो तो ज्याचं सरकार तत्त्वाला धरून आहे तो एकटा ओलीस. म्हणून मी म्हणतो की एकट्या-दुकट्या देशाच्या नकाराला अर्थ फार कमी आहे. नकार सगळ्यांचा हवा.

कोणत्या सरकारचं वागणं तुम्हाला आदर्श वाटतं?

आदर्श कोणाचंच नाही. पण हा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर १९७७ सालाकडे बघावं.

त्या वर्षी २८ सप्टेंबरला जपान एअरलाइन्सचं विमान मुंबईहून उडालं आणि जपानी रेड आर्मी या अतिडाव्या सशस्त्र संघटनेने ते ढाक्याला उतरवलं. मागणी ६० लाख डॉलर आणि तुरुंगातल्या नऊ जणांची. पंतप्रधान ताकेओ फुकुदा म्हणाले, एका माणसाचा जीव पृथ्वीपेक्षा जड असतो. त्यांनी पैसे दिले, आणि नऊपैकी जे सहा जण जायला तयार झाले त्यांना सोडलं. त्यांच्या न्यायमंत्र्यांनी राजीनामा दिला. फुकुदांचं वाक्य आजही वाचताना गलबलून येतं. पण त्याला एक मागची बाजू आहे. दोन वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, याच संघटनेने क्वालालंपूरमध्ये ओलीस ठेवून आपले पाच साथीदार सोडवून घेतले होते. त्या सुटलेल्यांपैकी काही जण आता ढाक्याच्या विमानात बंदूक घेऊन उभे होते.

त्याच आठवड्यांत पश्चिम जर्मनीत हान्स मार्टिन श्लायर हे उद्योजक संघटनेचे प्रमुख ओलीस होते. ५ सप्टेंबरला कोलोनमध्ये त्यांच्या चालकाला आणि तीन पोलिसांना ठार मारून त्यांना पळवलं होतं. मागणी रेड आर्मी फॅक्शन या जर्मन अतिडाव्या गटाच्या ११ कैद्यांची. जर्मनीने तोवर दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले होते. १९७२ मध्ये दिल्लीहून निघालेलं लुफ्तान्साचं विमान एडनला नेलं गेलं, तेव्हा ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं होतं. १९७५ मध्ये बर्लिनचे राजकारणी पेटर लोरेन्झ यांच्यासाठी पाच कैदी सोडले, आणि त्यातली एक बाई त्याच वर्षीच्या डिसेंबरात व्हिएन्नाला ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या बैठकीवर झालेल्या हल्ल्यात होती. चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी ठरवलं की आता नाही.

१३ ऑक्टोबरला 'लँड्सहुट' हे लुफ्तान्साचं विमानही पळवलं गेलं. त्याच सुमारास श्लायर यांच्या वतीने त्यांच्या मुलाने घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. नागरिकाचा जीव वाचवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, म्हणून सरकारला कैदी सोडायला लावा, अशी विनंती. न्यायालयाने १६ ऑक्टोबरला ती फेटाळली. राज्याचं कर्तव्य त्या एका माणसाप्रती आहे तसंच सगळ्या नागरिकांप्रती आहे, आणि कोणत्या परिस्थितीत काय करायचं हे न्यायालयाने आधीच बांधून दिलं तर राज्य कसं वागेल हे दहशतवाद्यांना अगोदर कळेल, असं न्यायाधीशांनी सांगितलं.

१८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर मोगादिशूला जर्मन कमांडोंनी विमान मोकळं केलं. वैमानिकाला आधीच मारलं होतं, बाकी सगळे जिवंत सुटले. दुसऱ्या दिवशी फ्रान्समधल्या मुलहाउस शहरात एका गाडीच्या डिकीत श्लायर यांचा मृतदेह सापडला.

त्या निकालातलं तर्कशास्त्र मला पटतं. पण तो निकाल वाचताना दर वेळी मला तो मुलगाच आठवतो. वडिलांच्या जिवासाठी तो सर्वोच्च दारापर्यंत गेला आणि तिथून त्याला परत पाठवलं. श्मिट यांनी नंतर अनेकदा सांगितलं की या मृत्यूतला आपला वाटा ते जाणतात. नाही म्हणणाऱ्याने ते ओझं असं उघडपणे वाहिलं पाहिजे.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २७ जानेवारी २०१४ रोजी ठराव क्रमांक २१३३ एकमताने मंजूर केला. दहशतवाद्यांना खंडणीचा फायदा मिळू देऊ नका, असं त्यात सर्व देशांना सांगितलं आहे. त्याआधी जून २०१३ मध्ये जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाच्या नेत्यांनी खंडणी न देण्याचं जाहीर वचन दिलं होतं. कागद भक्कम आहेत. मोडणाऱ्याला शिक्षा काय, याचं उत्तर त्यांत नाही.

मग सरकारं पैसे देतात कशी?

कोणीही "आम्ही दिले" म्हणत नाही. पैसे मध्यस्थाच्या हातून जातात, मदतनिधीच्या खात्यातून जातात, एखाद्या सरकारी कंपनीकडून जातात किंवा मित्रदेश देतो. फिलिपिन्सच्या अबू सय्याफ गटाने २००० साली मलेशियाच्या सिपादान बेटावरून २१ जणांना पळवलं, तेव्हा लिबियाने पुढे होऊन मध्यस्थी केली आणि मोठी रक्कम मोजल्याचं सर्वत्र छापून आलं. त्यानंतर वर्षभरातच, मे २००१ मध्ये, त्याच गटाने पलावानजवळच्या एका पर्यटनस्थळावरून आणखी माणसं उचलली.

या लपवाछपवीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. चोरून दिलेल्या पैशांवर ना संसदेत प्रश्न विचारता येतो, ना पुढच्या अपहरणाशी त्यांचा संबंध जोडता येतो. द्यायचेच असतील तर लोकांना सांगून द्या.

'आम्ही कधीच देत नाही' म्हणणारे देश तरी शब्द पाळतात का?

नेहमी नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन जाहीरपणे ताठ होते, पण १९८५-८६ मध्ये लेबनॉनमधल्या अमेरिकी ओलिसांसाठी त्यांच्या सरकारने इराणला गुपचूप क्षेपणास्त्रं विकली, कारण पळवणाऱ्यांवर इराणचा प्रभाव होता. तीन ओलीस सुटले आणि तेवढ्या काळात आणखी तीन पकडले गेले. आत तेवढेच राहिले.

रेगन निष्ठुर नव्हते म्हणून हे घडलं. ओलिसांच्या कुटुंबीयांना ते भेटत, त्यांची दुःखं त्यांना लागत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच हा निर्णय एका हळव्या क्षणी, एका माणसाने, बंद खोलीत घ्यायचा नसतो.

कुटुंबाने स्वतः पैसे जमवले तर?

माझं उत्तर स्पष्ट आहे: सरकारने त्यांच्या वाटेत येऊ नये. सरकारकडे सगळ्या नागरिकांची जबाबदारी असते, आईकडे एका मुलाची. दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये सीरियात पळवलेला अमेरिकी पत्रकार जेम्स फोली याच्यासाठी इस्लामिक स्टेटने १० कोटी युरो मागितले. घरच्यांनी पैसे उभे करायचा विचार केला तेव्हा दहशतवादाला मदत केल्याचा खटला होऊ शकतो, असं आपल्याला सरकारी माणसांनी सांगितल्याचं त्याच्या आईने, डायॅन फोली यांनी, पुढे उघड केलं. मुलगा वाळवंटात कुठे आहे हे माहीत नाही, आणि घरात बसलेल्या आईला तुरुंगाची भीती. ऑगस्ट २०१४ मध्ये जेम्सला मारलं. जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी धोरण बदललं. सरकार पैसे देणार नाही हे कायम ठेवून त्यांनी जाहीर केलं की खंडणी देणाऱ्या कोणत्याही कुटुंबावर आजवर खटला झालेला नाही आणि अशा कुटुंबांच्या दुःखात भर घातली जाणार नाही. ओलिसांच्या सुटकेसाठी वेगळा कक्ष आणि खास दूतही नेमला गेला. हे शहाणपण एका वर्षाने उशिरा आलं.

सक्तीची बंदीही करून पाहिली गेली आहे. इटलीत १९९१ च्या कायद्याने अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ता गोठवायला सुरुवात झाली. ती अपहरणं दहशतवाद्यांची नव्हती, गुन्हेगारी टोळ्यांची होती. त्या काळात अपहरणं घटली, पण पोलीसही तोवर सुधारले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवणं कठीण. कोलंबियाने १९९३ मध्ये खंडणी देणंच गुन्हा ठरवलं, आणि त्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. आपल्या माणसाचा जीव वाचवू पाहणाऱ्याला गुन्हेगार कसं म्हणायचं, हा त्यामागचा विचार होता.

दहशतवाद्यांशी बोलणं म्हणजेच नमतं घेणं नाही का?

नाही. बोलण्याला पैसे पडत नाहीत. बोलण्यातून माणूस जिवंत आहे का ते कळतं, मागणी खाली येते, दिवस मिळतात, आणि बोलणारा कुठे बसला आहे याचा मागही लागू शकतो.

जिवंत असल्याचा पुरावा मागण्याची एक पद्धत आहे: फक्त त्या माणसालाच उत्तर ठाऊक असेल असा प्रश्न घरच्यांनी पाठवायचा. फोलीला विचारलेला एक प्रश्न असा होता, "तुझ्या भावाच्या लग्नात कोण रडलं होतं?" कित्येक महिन्यांनी, कोठडीत, घरून आलेली पहिली खूण. तो प्रश्न वाचून त्याला आनंदाने रडू कोसळल्याचं सोबतच्या ओलिसांनी सांगितलं आहे. कोणत्याही धोरणाच्या नावाखाली हा धागा तोडणं मला अमानुष वाटतं.

मायक्रोफोनसमोर ताठरपणा दाखवण्यातही धोका असतो. मार्च १९७३ मध्ये खार्टूममध्ये राजनैतिक अधिकारी ओलीस असताना राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की अमेरिका ब्लॅकमेलपुढे झुकणार नाही. त्यानंतर काही तासांतच दोन अमेरिकी आणि एक बेल्जियन अधिकारी मारले गेले. ते एरवी वाचले असते का, हे कोणी सांगू शकत नाही. पण नकार कळवायला जगभर प्रक्षेपित होणारी पत्रकार परिषद ही जागा नव्हे.

पैशांऐवजी कैद्यांची अदलाबदल बरी का?

लोकांना ती जास्त सन्मानाची वाटते. मला ती कधीकधी पैशांहून महाग वाटते.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-८१४ विमान अमृतसर, लाहोर, दुबई असं फिरत कंदाहारला उतरवलं गेलं. रूपिन कत्याल या तरुण प्रवाशाला वाटेत मारलं. ३१ डिसेंबरला भारताने मसूद अझहर, ओमर शेख आणि मुश्ताक झरगर यांना सोडून बाकीच्यांना परत आणलं. पुढच्याच वर्षी अझहरने जैश-ए-महंमद काढली. ओमर शेख २००२ मध्ये पत्रकार डॅनियल पर्ल यांच्या अपहरणाच्या आणि खुनाच्या आरोपाखाली पकडला गेला. इस्रायलने २०११ मध्ये गिलाद शालित या एका सैनिकासाठी १,०२७ कैदी सोडले, आणि त्यांत हमासचा याह्या सिनवार होता. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यामागे तोच होता.

तरीही कंदाहारच्या धावपट्टीवर आठवडाभर बसून राहिलेल्यांना, किंवा दिल्लीत टाहो फोडणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांना, "तुम्ही चुकलात" म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांनी आपल्या माणसांसाठी रस्त्यावर उतरणं स्वाभाविकच होतं. चुकलं असेल तर ते आधी, विमान अमृतसरच्या जमिनीवर उभं असताना हातातून निसटलेल्या वेळेत.

मग कमांडो पाठवून सोडवायचं?

इस्रायली कमांडोंची युगांडातल्या एन्टेबेवरची कारवाई (१९७६) आणि मोगादिशू (१९७७) सगळ्यांच्या लक्षात राहतात, कारण ते जमलं. मॉस्कोच्या नाट्यगृहात २००२ मध्ये सुमारे १३० ओलीस दगावले, बहुतेक सोडवणाऱ्यांनी वापरलेल्या वायूमुळे. २००४ मध्ये रशियातल्याच बेस्लानच्या शाळेत ३३० हून जास्त माणसं गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुलं.

आणि एक घटना मनातून जात नाही. ६ डिसेंबर २०१४ रोजी येमेनमध्ये अमेरिकी कमांडो ल्यूक सोमर्स या पत्रकाराला सोडवायला गेले. चाहूल लागताच अपहरणकर्त्यांनी त्याच्यावर आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या पिअर कोर्की या दक्षिण आफ्रिकी शिक्षकावर गोळ्या झाडल्या. कोर्कीसाठी एक सेवाभावी संस्था वर्षभर बोलणी करत होती. दुसऱ्या दिवशी तो सुटणार होता. एक वाट चालणाऱ्याला दुसरी वाट दिसत नव्हती, आणि मधे एक माणूस गेला.

"अशा ठिकाणी गेलेच कशाला?" हे विचारणं चूक आहे का?

हो. तिथे जाणारे बहुतेक जण पत्रकार, डॉक्टर, मदतकार्यकर्ते किंवा पोटासाठी गेलेले कामगार असतात. त्यांनी जाऊ नये म्हटलं तर तिथलं आपल्याला काही कळणार नाही आणि तिथल्या जखमी माणसाला औषध मिळणार नाही.

चर्चा नेहमी परदेशी ओलिसांचीच का होते?

कारण बातमी त्यांची होते. खरं तर सर्वाधिक पळवली जातात ती स्थानिक माणसं, आणि त्यांच्यासाठी कोणी विमान पाठवत नाही. नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून एप्रिल २०१४ मध्ये बोको हरामने २७६ मुली नेल्या. जगभर हाक पोहोचली, तरी २१ मुली सुटायला ऑक्टोबर २०१६ उजाडलं आणि आणखी ८२ यायला मे २०१७. अनेक जणी आजही परतलेल्या नाहीत. धोरण परदेशी नागरिकासाठी एक आणि गावातल्या मुलीसाठी दुसरं, हे मला मान्य नाही.

पैसे नाहीत, तर सरकारने करायचं काय?

पुष्कळ. पहिल्या दिवशी घरच्यांसाठी एक ठरलेला माणूस नेमायचा आणि तो मधेच बदलायचा नाही. त्यांना खरं सांगायचं, गोपनीयतेच्या नावाखाली खेळवायचं नाही. मध्यस्थ शोधायचे: टोळीप्रमुख, धर्मगुरू, शेजारी देश, ज्याचा शब्द चालतो तो. औषध पोहोचवायचं. बातमी दाबून ठेवणं फायद्याचं असेल तर कुटुंबाला विश्वासात घेऊन दाबायची. पत्रकार डेव्हिड रोड तालिबानच्या कैदेत सात महिने होता तेव्हा त्याच्या वृत्तपत्राने आणि इतरांनी मौन पाळलं, त्याचा भाव वाढू नये म्हणून. जून २००९ मध्ये तो स्वतःच भिंत उतरून निसटला.

आणि शेजारच्या देशाने चोरून पैसे दिले तर त्याला त्याबद्दल जाब विचारायचा. हे शेवटचं काम कोणीच करत नाही, कारण उद्या आपल्यावरही पाळी येईल ही भीती सगळ्यांना असते.

स्वतः ओलिसांना काय वाटतं?

सगळ्यांना एकच वाटत नाही. इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो १९७८ मध्ये ५५ दिवस रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या गटाच्या कैदेत होते. तिथून त्यांनी ऐंशीहून अधिक पत्रं लिहिली. आपल्याच पक्षाच्या लोकांना ते विनवत राहिले की बोलणी करा, कैद्यांची अदलाबदल करा. सरकार ठाम राहिलं. ही पत्रं त्यांच्या मनाची नाहीत, दबावाखाली लिहिलेली आहेत, असं बाहेर सांगितलं गेलं. ९ मे रोजी रोममध्ये एका लाल गाडीत त्यांचं शव सापडलं. सरकारने नकार द्यावा या मताचा मी आहे, पण ती पत्रं खोटी ठरवण्याची गरज नव्हती. मोरो खरंच जगू इच्छित होते, आणि ते मान्य करूनही नाही म्हणता आलं असतं.

फोलीच्या हातून कागद बाहेर जाणं शक्य नव्हतं, सुटणाऱ्यांकडची पत्रं पहारेकरी काढून घेत. म्हणून त्याने आपलं पत्र सोबतच्या डॅनियल ऱ्ये या डॅनिश छायाचित्रकाराकडून पाठ करून घेतलं. डॅनियलसाठीही डेन्मार्कच्या सरकारने पैसे दिले नव्हते. त्याच्या घरच्यांनी लोकांकडून गोळा केले होते. जून २०१४ मध्ये सुटल्यावर त्याने जेम्सच्या आईला फोन केला आणि ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यात आईबरोबरच्या एका लांब सायकलफेरीची आठवण होती, आणि आजीला निरोप होता: औषधं वेळेवर घे, फिरायला जात जा, नाचणं सोडू नकोस.